‘छान आहे’ एवढेच म्हणावे काय?

मंडळीच्या मासिकात लढाईच्या खेळावर लेख कशाला, असे कित्येक वाचकांना वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या तरुण संघात जे घडले त्याने आमच्या मनाला असा एक प्रश्न लावून दिला, की तो आमच्यापुरता ठेवणे बरे वाटेना. प्रश्न दिसायला खेळाचा असला तरी मुळात तो खरे बोलण्याचा आहे, आणि खरे केव्हा व कसे बोलावे हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही असा शब्बाथ शाळेचा शिक्षक आम्ही अजून पाहिलेला नाही.

हैदराबादेत आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी नाही. कोणी नांदेड-परभणीकडून, कोणी सोलापूर-लातूरकडून, कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त, तर कोणी शाळा-दवाखान्याच्या कामासाठी येथे आले व येथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यात तेलुगू आणि बाजारात दखनी, अशी आमच्या मुलांची जीभ दिवसातून तीनदा वळते. अशांपैकीच एक तरुण कॉलेजात इतिहास शिकतो. त्याने सुटीत मोठ्या पुठ्ठ्यावर एक पट काढला. त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे, मधोमध गोवळकोंड्याचा किल्ला, त्याच्या भिंती, बुरूज व दरवाजे, आणि सभोवार मोगलांची छावणी. चौकोनी सोंगट्यांवर प्रत्येक तुकडीचे बळ आकड्यांत लिहिलेले. सोबत दोन फासे व बारा पानांचे हस्तलिखित नियम. खेळाचे नाव ‘गोवळकोंड्याचा वेढा, १६८७’. एका गड्याने औरंगजेबाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने अबुल हसन कुतुबशहाची. प्रत्येक डाव म्हणजे पंधरा दिवस, असे सोळा डाव.

तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “काका, तुम्ही खेळून बघा आणि खरं काय वाटतं ते सांगा.”

असे खेळ नवे नाहीत. आपल्याकडील चतुरंग हा मुळात हत्ती, घोडे, रथ व पायदळ मांडलेल्या रणाचाच पट होय. १८२४ साली प्रशियात राइस्विट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर, फाशांच्या व पंचाच्या साहाय्याने खेळण्याचा युद्धपट आपल्या वरिष्ठांपुढे मांडला. सेनापती म्युफ्लिंग प्रथम उदासीन होता. पण डाव पुढे सरकला तसा तो रंगून गेला, व साऱ्या सैन्याने हा खेळ शिकावा अशी शिफारस त्याने केली. पुढे १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स ह्याने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले. खोट्या लढाया खेळून खऱ्या लढाईचा मूर्खपणा माणसाला कळावा अशी त्याची आशा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १९५४ साली चार्ल्स रॉबर्ट्स ह्या अमेरिकन तरुणाने पुठ्ठ्याच्या पटाचा युद्धखेळ विक्रीस काढला, आणि तेव्हापासून पाश्चात्य देशांत इतिहासातील लढायांवर असे शेकडो खेळ निघाले.

ह्या खेळांच्या जगात एक रीत आहे व ती आम्हाला फार आवडली. खेळ छापण्यापूर्वी तो अनेकांना खेळायला देतात. ते पुनःपुन्हा खेळतात, नियमांत कोठे भोक आहे, कोणती बाजू फुकट जिंकते, इतिहासाशी काय जुळत नाही, हे लिहून कळवितात. खेळ छापला म्हणजे नियमपुस्तिकेत करणाऱ्याच्या नावाबरोबर ह्या खेळून पाहणाऱ्यांचीही नावे येतात. म्हणजे दोष दाखविणारा माणूस त्या कामाचा भागीदार मानला जातो. आपल्या मंडळ्यांत, कमिट्यांत व घरांत दोष दाखविणाऱ्याला काय मानतात ते वाचक जाणतातच.

असो. त्या संध्याकाळी आम्ही पटापुढे बसलो. पाऊण तास खेळलो. तेवढ्यात चहा आला, कोणाचा तरी फोन आला, आणि “छान आहे, मेहनत दिसते,” असे म्हणून, त्याच्या पाठीवर थाप मारून आम्ही उठलो. तरुण आनंदला. आम्हालाही आपण एका मुलाला उत्तेजन दिले असे समाधान वाटले.

दोन दिवसांनी त्याने तो खेळ शब्बाथ शाळेतील एका बारा वर्षांच्या मुलीला व तिच्या भावाला दिला. त्या दोघांनी दोन संध्याकाळी बसून तीन डाव पूर्ण खेळले. मुलीने तिन्ही वेळा किल्ला राखला आणि तिन्ही वेळा ती हरली. खेळात एक नियम असा होता : पाचव्या डावापासून मोगल गड्याने दर डावाला एक फासा टाकायचा, सहा पडले की किल्ल्यातील कोणीतरी लाच घेऊन खिडकी-दरवाजा उघडतो आणि खेळ संपतो. रविवारी उपासनेनंतर ती मुलगी त्या तरुणाला सर्वांदेखत म्हणाली, “दादा, ह्यात मी काहीही केलं तरी सारखंच होतं. मग मी कशाला खेळायचं?” आणि थोडे थांबून, “आठ महिने किल्ल्यातली माणसं काय खात होती?”

तरुणाचा चेहरा उतरला. आम्ही त्याची समजूत घालायला गेलो, तेव्हा त्याने आमच्याकडे पाहून विचारले, “काका, तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?”

वाचकहो, आम्हाला ते दिसले होते. अर्ध्या तासातच दिसले होते. बारा वेळा फासा टाकला तर एकदाही सहा न पडण्याचा संभव शंभरात अकराच; म्हणजे किल्ला राखणाऱ्याच्या शहाणपणाला त्या खेळात जवळजवळ काही किंमतच नव्हती. हा हिशेब आम्हाला मांडता येत होता. आम्ही तो मांडला नाही, आणि आमच्या ह्या न बोलण्याला आम्ही प्रेम असे नाव दिले होते.

खरा इतिहास काय सांगतो? औरंगजेब १६८७ च्या आरंभी गोवळकोंड्याला येऊन ठेपला आणि किल्ला सुमारे आठ महिने लढला. दुष्काळ पडलेला, पुढे पाऊस असा आला की मांजरा नदीला पूर येऊन मोगलांची रसद अडली. भुकेने व रोगाने मोगलांच्या छावणीतच माणसे पटापट मरत होती. बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग पेरले, तर आतल्या लोकांनी ते हेरून निकामी केले, आणि स्फोट उलटून मोगलांचीच माणसे गेली. शेवटी लाच खाल्लेल्या अब्दुल्लाखान पनीने रात्री खिडकी-दरवाजा उघडला. परंतु त्याच किल्ल्यात अब्दुर रझाक लारी नावाचा सरदार होता. त्यालाही मोठ्या मनसबीचे आमिष दाखविले होते; त्याने बादशहाचे फर्मान आपल्या लोकांसमोर फाडून टाकले. शत्रू आत शिरले तेव्हा तो जवळजवळ एकटा लढला. त्याच्या अंगावर सुमारे सत्तर जखमा मोजल्या गेल्या. औरंगजेबाने स्वतःचे वैद्य पाठवून त्याला वाचविले. अबुल हसनाला आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादच्या किल्ल्यात नेऊन ठेवले व तो तेथेच कैदेत वारला.

आता त्या मुलीचा प्रश्न पाहा. जो खेळ सांगतो की सारे काही एका फाशावर होते, तो लारीच्या सत्तर जखमांविषयी खोटे सांगतो. लाच नाकारणारा व लाच घेणारा ह्यांच्यात फरक आहे तो फाशाने पडलेला नाही. बारा वर्षांच्या मुलीने हे इतिहास वाचून सांगितले नव्हते. तीन डाव प्रामाणिकपणे खेळून सांगितले होते. आम्ही पाऊण तास बसून, इतिहास ठाऊक असून, गप्प राहिलो.

माणूस ‘छान आहे’ का म्हणतो? आम्ही स्वतःच्या मनात डोकावून पाहिले, तेव्हा तीन कारणे सापडली. पहिले आळस. दोष दाखवायचा तर पुन्हा बसावे लागते, नियम वाचावे लागतात, समोरच्याच्या कामाला आपला वेळ द्यावा लागतो. स्तुतीला वेळ लागत नाही. दुसरे भय. खरे सांगितले तर तो रागावेल, त्याचे आईवडील काय म्हणतील, पुढच्या वर्षी तो तरुण संघात येईल की नाही. तिसरे कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो : त्याचे काम महत्त्वाचे आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते. ज्याचे काम आपण मोलाचे मानतो त्याच्या कामातला दोष आपल्याला सलतो. ज्याला आपण लहान समजतो त्याला स्तुती देऊन वाटेला लावतो. म्हणजे आमच्या गोड शब्दांत आदराचाच अभाव होता.

पवित्र शास्त्रात अशा गोड शब्दांचा एक मोठा प्रसंग आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा बावीसावा अध्याय शिक्षकांनी पुन्हा वाचावा. अहाब राजाला रामोथ-गिलाद घ्यायचे होते. त्याने सुमारे चारशे संदेष्टे जमविले व स्वारीबद्दल त्यांचे मत विचारले. चारशेही एका सुरात जय होईल म्हणाले. त्यांतल्या सिद्कीयाने तर लोखंडाची शिंगे करून राजा शत्रूला कसा हुंदडील ते दाखविले. लढाईचा नमुनाच जणू सर्वांपुढे मांडला. मग मीखायाला आणण्यात आले. आणायला गेलेल्या जासुदाने वाटेतच त्याला शिकविले की सगळे चांगले बोलत आहेत, तूही तसेच बोल. आणि आश्चर्य हे की मीखाया प्रथम तसेच बोलला! राजानेच त्याला खडसावून खरे विचारले, तेव्हा त्याने मेंढपाळावाचून डोंगरावर पांगलेले इस्राएल आपण पाहिल्याचे सांगितले. त्याबद्दल त्याला थप्पड, तुरुंग, आणि थोडी भाकर व थोडे पाणी मिळाले. अहाब वेष पालटून लढाईला गेला आणि कोणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात शिरून सायंकाळी मेला. चारशे माणसांच्या ‘छान आहे’ने त्याला वाचविले नाही.

हाच प्रकार आपल्या काळाजवळही घडला आहे. १९४२ च्या मे महिन्यात मिडवेच्या स्वारीपूर्वी जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनी यामातो ह्या जहाजावर ती मोहीम पटावर खेळून पाहिली. त्या आरमारातील अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिले ते असे : फाशांप्रमाणे शत्रूच्या विमानांचे नऊ बाँब लागले व जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. तेव्हा खेळावर देखरेख करणाऱ्या उगाकी ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याने नवाचे तीन केले. एक नौका बुडाली व दुसरीला थोडी इजा झाली, असे ठरविले. आणि पुढच्या डावात ती बुडालेली नौकाही पुन्हा पाण्यावर आली. महिन्याभराने, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका खरोखरच बुडाल्या व हजारो खलाशी त्यांच्याबरोबर गेले. पटावर बुडालेली नौका हुकूम देऊन वर काढता येते, समुद्रात बुडालेली काढता येत नाही.

प्रभु येशूनेही अशा खेळून पाहण्याचा दाखला दिला आहे, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात तो एका राजाविषयी बोलतो. वीस हजार घेऊन येणाऱ्याशी आपल्याला दहा हजारांनिशी सामना करता येईल की नाही ह्याचा विचार तो राजा आधी बसून करतो, आणि जमत नसेल तर शत्रू दूर आहे तोच सलोख्याची बोलणी लावतो. प्रभु हे शिष्यपणाची किंमत समजावी म्हणून सांगतो. परंतु दाखल्यातला राजा आपल्या खोलीत बसून डाव मांडून पाहणाराच आहे, आणि त्याचा हिशेब प्रामाणिक आहे म्हणूनच दहा हजार माणसांचे प्राण वाचतात. खरा अभिप्राय हा असा शांततेचा मार्ग होऊ शकतो.

मग खरे कसे बोलावे? खरे बोलण्याच्या नावाखाली मन दुखविणारे लोकही आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. मासिक सभेत उठून, “हे सगळं चुकलं आहे,” असे म्हणून खाली बसणारा भाऊ काही मीखाया नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा, ह्यात आपल्याला एक सुंदर नमुना मिळतो. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याला केवळ योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विल्ला ह्यांनी त्याचे भाषण ऐकले. ऐकून ती ‘छान’ म्हणून घरी गेली नाहीत, आणि सभास्थानात उभे राहून त्यांनी त्याची चूकही काढली नाही. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतले व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यानंतर अपुल्लोसाचे काम थांबले नाही, ते वाढले.

आमच्या तरुणाचा खेळ आम्ही मग पुन्हा मागून घेतला. ह्या वेळी तीन संध्याकाळी बसलो, आणि खेळता खेळता काही गोष्टी शिकलो. त्या शिक्षकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट, मत देण्यापूर्वी सोळाही डाव खेळावेत. अर्धे पाहून दिलेला अभिप्राय, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, उतावळा असतो. दुसरी गोष्ट, काय घडले ते सांगावे. “नववा डाव झाला तेव्हा मला करण्यासारखे काही उरले नव्हते,” हे सांगणे खरे आहे व ऐकणाऱ्याच्या कामाचे आहे. “तुला खेळ करता येत नाही,” हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिसरी, खेळ त्याचा आहे हे विसरू नये. आपल्या मनातला खेळ त्याच्या हातून करून घेणे म्हणजे साहाय्य नव्हे. चौथी, जे चांगले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. मांजरेच्या पुराचा नियम त्याने फार उत्तम बसविला होता. तो का उत्तम आहे हे सांगितले तेव्हा त्याला ते पटले, कारण आता आमच्या स्तुतीला वजन आले होते. ज्याच्या तोंडून दोष कधी निघत नाही त्याची स्तुती चलनात चालत नाही.

आणि ऐकणाऱ्याचाही धर्म आहे. त्या तरुणाने आठवडाभर खेळाला हात लावला नाही. मग एके दिवशी तो त्या मुलीच्या घरी गेला व म्हणाला, “पुन्हा सांग, तू काय म्हणत होतीस?” आम्हाला वाटते, त्या सबंध सुटीतले सर्वांत मोठे धैर्याचे काम हेच झाले. मित्राने केलेली जखम विश्वासाची असते असे नीतिसूत्रांत म्हटले आहे, परंतु ती जखम बरी व्हायला आठ दिवस तरी लागतात, आणि तेवढे दिवस जखम करणाऱ्यानेही धीर धरावा.

नव्या नियमांत दोन्ही बाजूंना धान्याची मोजणी आली. लाच देण्याचा फासा राहिला, पण किल्ला राखणाऱ्याने आपल्या सरदारांना कसे वागविले, पगार व अन्न कसे वाटले, ह्यावर त्याचा परिणाम ठरू लागला. लारीच्या सोंगटीवर फाशाचा अंमल नाही, असा एक छोटा नियमही त्याने घातला. मुलगी पुन्हा खेळली, पुन्हा हरली, आणि ह्या वेळी म्हणाली, “आता हरले ते माझ्यामुळे.” तिला ह्याचा आनंद झालेला दिसला.

येथवर गोष्ट सोपी होती. पुढची सोपी नाही.

यश आल्यावर तरुणाने दुसरा पट काढला : १९४८ ची हैदराबादची पोलीस अॅक्शन. सोलापूरहून हैदराबादेकडे येणारा रस्ता, नळदुर्गचा पूल, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद. दुसरीकडून विजयवाड्याचा रस्ता. भारतीय सैन्याचे रणगाडे, निजामाचे सैन्य, रझाकारांच्या टोळ्या, प्रत्येकाची वेगळ्या रंगाची सोंगटी. १३ सप्टेंबरला खेळ सुरू, १७ सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीने समाप्त. हिशेब चोख होता. आम्ही चार पूर्ण डाव खेळलो व शिकलेल्या रीतीप्रमाणे नेमका अभिप्राय लिहून दिला : पुलाचा नियम सैल आहे, पूर्वेकडच्या बाजूला काम कमी आहे, वगैरे.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. त्या नळदुर्ग-उमरगा भागातल्या एका खेड्यातल्या. १९४८ साली त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. वडील गावात मिशनच्या शाळेचे शिक्षक. तरुणाने मोठ्या उत्साहाने त्यांना पट दाखविला. त्यांनी चष्मा पुसून नळदुर्ग शोधला, मग बोट थोडे सरकवून एका रिकाम्या घरावर ठेवले.

“बाळा, आमचं गाव इथं येतं. ह्यात माणसं कुठं आहेत?”

तो म्हणाला, “आजी, हे रझाकार, आणि हे आपलं सैन्य.”

“ते कळलं. गावातली माणसं विचारते मी.” मग त्या म्हणाल्या, “आमच्या घरात आधी शेजारचे हिंदू लपले होते, रझाकारांच्या भीतीनं. सप्टेंबरानंतर मुसलमान लपले. दार एकच होतं. तुझा खेळ सतरा तारखेला संपतो. आमच्याकडं ते सगळं सतरा तारखेनंतर झालं.”

त्यावर कोणी काही बोलले नाही.

हा इतिहास आता गुप्त राहिलेला नाही. लातूरच्या कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात व आसपास गावेच्या गावे भयभीत केली, हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर वगैरे भागांत पळाली, हे आपले जुने लोक सांगत आले आहेत व ते खरे आहे. शरणागतीनंतर जे झाले तेही खरे आहे. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार ह्यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस त्या जिल्ह्यांतून फिरून अहवाल दिला. निदान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान. अधिकांत अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, तसेच नांदेड, बीदर व गुलबर्गा हे होते. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

आता आमच्या अभिप्रायाकडे पाहा. आम्ही पुलाच्या नियमातली चूक काढली होती. खेळ कोणत्या तारखेला संपतो ह्याकडे आमचे लक्ष गेले नाही, कारण शाळेच्या पुस्तकात आमचाही इतिहास त्याच तारखेला संपला होता. पटावर जे आहे त्याची परीक्षा करणे आम्ही शिकलो होतो, पण पटावर कोण नाही हे विचारायला एक आजी यावी लागली. गोष्ट कोठे सुरू करायची व कोठे थांबवायची हे ठरविणारा माणूस कोणाचे अश्रू दिसावेत व कोणाचे दिसू नयेत हेही ठरवीत असतो. खेळ करणारा, इतिहास लिहिणारा, आणि रविवारी मुलांना गोष्ट सांगणारा शिक्षक, तिघांच्याही हाती ही सत्ता आहे.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, अशी नववी आज्ञा आहे. मेलेला माणूस आपला शेजारी आहे काय? आम्हाला वाटते, आहे. आणि सर्वांत असहाय शेजारी तोच, कारण तो उठून आपले म्हणणे मांडू शकत नाही. इतिहासावरचा खेळ ही मेलेल्यांविषयी दिलेली साक्ष होय. म्हणून तो खेळून पाहणाऱ्याने दोघांचे देणे फेडायचे असते : खेळ करणाऱ्याला खरा अभिप्राय, आणि ज्यांच्यावर खेळ केला त्या माणसांना न्याय.

मग ख्रिस्ती मुलांनी युद्धाचे खेळ खेळावेत की नाही? आमच्या पाळकांना वाटते, न खेळलेले बरे. शांती करणारे धन्य असे शिकविणाऱ्या मंडळीच्या खोलीत रणगाड्यांच्या सोंगट्या कशाला? त्यांचे म्हणणे हलके नाही. माणसांचे आकडे झाले की मन निबर होते, हे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो. चार डाव खेळून आम्हाला गावे दिसली नाहीत. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की तो पट नसता तर आजींनी ती गोष्ट कदाचित कधीच सांगितली नसती, व आमच्या मुलांना ती कळली नसती. खेळण्यावर आम्ही बंदी सुचवीत नाही. मात्र ज्याला ‘ह्यात कोण नाही?’ हे विचारायचे धैर्य नाही, त्याच्या हाती हा खेळ देऊ नये असे आमचे मत झाले आहे. मुलांजवळ हे धैर्य बहुधा असते. आमच्यासारख्या मोठ्यांविषयी आम्ही तेवढी खात्री देत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ह्याचा उपयोग लगेच करता येईल. यरीहोचा तट पडण्याची गोष्ट आपण दरवर्षी मुलांकडून करवितो. मुले खोलीभोवती फिरतात, शिंग वाजते, गलका होतो, खुर्च्या पडतात, सारे हसतात. पुढच्या वेळी खुर्च्या पडल्यावर क्षणभर थांबावे व विचारावे : तटाच्या आत कोण होते? एखादे मूल राहाबेचे नाव घेईल. एखादे आणखी अवघड प्रश्न विचारील, आणि आपल्याला उत्तर येणार नाही. तेव्हा घाईने उत्तर बनवू नये. “मलाही हा प्रश्न पडतो,” एवढे प्रामाणिकपणे म्हणावे. आणि आपला पाठ कसा झाला हे अधूनमधून मुलांनाच विचारावे. ती ‘छान’ म्हणतील तर पुन्हा विचारावे. अहाबाने निदान तेवढे केले होते.

त्या तरुणाचा दुसरा पट अजून पुरा झालेला नाही. तो टाकून द्यावा असे आजींनी सांगितले नाही, आम्हीही सांगितले नाही. सध्या तो दर शनिवारी आजींकडे वही घेऊन बसतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, आता तेरा तारखेच्या आधीही पुष्कळ मागे जावं लागेल, आणि सतराच्या पुढेही. खेळ होईल की नाही ठाऊक नाही.”

आमच्या ओठांवर ‘छान’ हा शब्द आला होता. आम्ही तो गिळला व विचारले, “पुढच्या शनिवारी आम्ही येऊन बसलो तर चालेल का?”